मही नदीच्या कोतरांत (काठच्या घळींत) अश्मयुग कसं शोधायचं

बडोद्याहून महीकाठी वासद किंवा रायक्याला जायचं तर दिवाळीनंतर जा, गवत वाळलेलं असतं आणि कडेची माती उघडी दिसते. पावसाळ्यात आणि नंतर लगेच नकोच, दरडी पोखरलेल्या असतात, आणि एरवीसुद्धा दरडीच्या अगदी खाली उभं राहायचं नाही.

पोचल्यावर पायाखाली दगड शोधत बसू नका, आधी समोरची कड खालून वर नीट बघा. तळाशी सिमेंटसारखी घट्ट झालेली गोट्यांची खडी, वर कंकरवाली (चुनखडीचे खडे असलेली) माती, मग लालसर पट्टा (रायक्याला छान दिसतो) आणि सगळ्यात वर वाऱ्याने आणलेली बारीक माती. हे थर कळले नाहीत तर दगडी हत्यार सापडूनही काही कळत नाही, मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट जिऑलॉजिकल सर्व्हेतून रिटायर झाल्यावर बडोदा संस्थानासाठी काम करत होते, १८९३ मधे साबरमतीच्या काठी सादोलिया, पेढामलीला त्यांना क्वार्टझाइट या कठीण दगडाची जुनी हत्यारं मिळाली, आणि त्यांनी थर बघितले म्हणूनच पुढचा प्रश्न निघाला, की खालच्या खडीत मोठी हत्यारं, वरच्या मातीत बारीक पाती, मग मधल्या एवढ्या जाड मातीच्या काळात माणसं गेली कुठे? १९४१ मधे पुरातत्त्वज्ञ सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गुजरातेत आले ते हाच प्रश्न घेऊन, आणि त्याच शोधात लांघणज हे ठिकाण मिळालं, जिथे पुढे बारीक पात्यांबरोबर माणसांचे सांगाडे आणि गेंड्याचं हाडसुद्धा निघालं! महीचं खोरं पुरातत्त्वज्ञ सुब्बारावांनी बघितलं, १९५० मधे बडोद्याच्या आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्किऑलॉजी सुरू झालं त्यानंतर.

आता दगड. एकच टवका उडालेला असेल तर सोडून द्या, नदीत गोटे आपटून तसं होतंच. दोन्ही बाजूंनी टवके काढून मधे धार आणलेली असेल, टवक्यावर घाव बसला तिथे फुगवटा असेल, तर थांबा. बारीक पाती नखाएवढी, चर्ट नाहीतर अकीक अशा बारीक पोताच्या दगडाची, ती वरच्या मातीत बघायची.

उचलू नका प्लीज. शेजारी नाणं ठेवून एक फोटो, मग मागे सरकून थर दिसेल असा दुसरा, लोकेशन सेव्ह करा, आणि वस्तू थरात रुतलेली होती की खाली सुटी पडलेली ते लिहाच, कारण सुटी असेल तर ती वरच्या कुठल्याही थरातून घरंगळलेली असू शकते. हे सगळं घेऊन युनिव्हर्सिटीच्या आर्किऑलॉजी डिपार्टमेंटला दाखवा.