पावसाळ्यात घाट आणि समुद्र एकाच सहलीत? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो: ‘उद्या पहाटे पाचला निघू. ताम्हिणीत धबधबा, दुपारी दिवेआगरला मासे, रविवारी हरिहरेश्वर करून परत.’ जून ते सप्टेंबर पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात हा बेत शिजत असतो. मीही तो दहा-बारा वेळा शिजवलाय आणि त्यातला तीनदा करपवलाय. एकदा ओढ्यापलीकडे अडकून, एकदा वाळूत गाडी रुतवून, एकदा घाटात रात्र काढून.

तिन्ही वेळा आम्ही उभे होतो तिथे पाऊस थांबलेला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. या वाटेवरचं पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातून क्वचितच येतं. धबधब्याला ते वरच्या पठारावरून येतं, समुद्राला चंद्राच्या ओढीने येतं आणि घाटात ते चार दिवस आधीच पडून डोंगरात मुरलेलं असतं. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

पुण्याचा अंदाज बघून ताम्हिणीला निघणं

फोनमध्ये ‘पुणे’ टाकलं की ढगाचं चित्र आणि दोन थेंब दिसतात. आपण म्हणतो, रिमझिम आहे, मजा येईल. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण ७०० ते ८०० मिमी पाऊस होतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी झाला होता. शहर आणि घाटमाथा यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही.

हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्यात पुणे आणि पुणे घाट अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आपल्याला घाटाची ओळ बघायची असते आणि तिच्याबरोबर रायगडची, कारण घाट उतरलो की आपण रायगडात असतो. इशाऱ्याच्या यलो, ऑरेंज, रेड या रंगांमागचे आकडेही एकदा समजून घ्या. २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’. माझा हिशेब साधा आहे. यलो असेल तर जायचं, पण पाण्यात उतरायचं नाही. ऑरेंज असेल तर धबधबा आणि किनारा दोन्ही रद्द, फार तर मुक्कामी पोचून ओसरीवर बसायचं. रेड असेल तर घरी. निघायच्या सकाळी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघायचा आणि माणगावला चहाला थांबलात की पुन्हा एकदा. गुरुवारी पाहिलेल्या अंदाजावर शनिवारी विसंबणं म्हणजे शिळ्या भाकरीवर ताजं लोणी.

‘आत्ता तर गुडघाभरच आहे’

सह्याद्रीतले ओढे लांबीने तोकडे आणि उताराने तीव्र असतात. माथ्यावर सर कोसळली की पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही आणि खाली उन्हाची तिरीपही पडलेली असू शकते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधल्या खडकावर सगळे एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी भोवतीने वाढत गेलं. तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात बघण्यासारखी गोष्ट ही की लाट अंगावर येण्याआधीच परतीची वाट बंद झाली होती.

म्हणून प्रवाहाच्या मध्ये जाऊन बसायचंच नाही. काठावर बसायचं, आणि गाडी ज्या काठाला असेल त्याच काठाला. बसल्या बसल्या एक दगड हेरून ठेवायचा, निम्मा पाण्यात, निम्मा बाहेर. तो बुडू लागला की उठायचं. त्याआधीही खुणा मिळतात. नितळ पाणी चहासारखं होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, धबधब्याचा आवाज जाड होतो. यातली एक जरी दिसली तरी डबे, चपला, फोनचा स्टँड सगळं सोडून वर चढायचं. वाट सोडून उतारावर सरळ वर, प्रवाहाच्या कडेने खाली नाही.

ओढ्यापलीकडे अडकलात तर? आम्ही अडकलो होतो तेव्हा आमच्यातला एक जण दोर बांधून येतो म्हणत होता. त्याला चौघांनी खाली बसवला. सर थांबली की असे ओढे जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच झपाट्याने उतरतात. आम्ही तीन तास कुडकुडत बसलो आणि मग घोट्याएवढ्या पाण्यातून चालत आलो. तीन तासांत सर थांबली नाही, अंधार पडू लागला, कुणी जखमी असेल, तर ११२ ला फोन करा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी अनुभवी बचाव पथकं आहेत, पण त्यांना तुम्ही नेमके कुठे आहात हे कळलं पाहिजे. रेंज असते तेव्हाच घरच्या कुणाला तरी लोकेशन पाठवून ठेवा, दरीत उतरल्यावर ती मिळत नाही.

तिथी न बघता समुद्रावर जाणं

सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण पावसाची भीती लोकांना थोडीफार असते, भरती-सुकतीची (सुकती म्हणजे ओहोटी) अजिबात नसते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारी होता.

दिवेआगरला आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या काकूंनी मला पहिल्या मुक्कामात विचारलं, ‘आज तिथी काय?’ मी कॅलेंडरवर बघून सांगितलं, चतुर्थी. ‘चार पाऊण तीन. तीनला भरती पुरी. पाण्यात जायचं नाव नको.’ आमच्या पिढीला पाऊणकीचा पाढा कुणी शिकवला नाही, आणि इथे तो आयुष्य वाचवायच्या कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, शुद्ध पक्ष असो की वद्य. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरेसं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हे सगळं पाऊणेक तासाने पुढे सरकतं. आता फोनवर भरतीचं तयार वेळापत्रक मिळतं, ते जरूर बघा, पण पाढा बॅटरी संपल्यावरही चालतो.

आता हा हिशेब सहलीच्या वेळापत्रकाला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. पुण्याहून पहाटे निघालेली गाडी किनाऱ्यावर पोचते अकरा-बाराला, म्हणजे नेमकी भरतीच्या टोकाला. मंडळी जेवून, सुरमईवर ताव मारून दोन-अडीचला पाण्यात शिरतात. तोवर ओहोटी लागलेली असते. पाणी सहा तासांत एकसारखं उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी बाहेर जातं. पायाखालची वाळू सरकते ती याच वेळी. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी, पण पावसाळ्यात ‘कमी’ हा शब्द समुद्राला लावू नये.

फसवी गोष्ट अशी की जिथे लाटा फुटत नाहीत तो पट्टा शांत दिसतो आणि लोक मुलांना घेऊन तिथेच उतरतात. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जातं ते याच वाटेने. त्यात सापडलात तर काठाकडे सरळ पोहायचा हट्ट करू नका, दमून जाल. अंग सैल सोडा, तरंगा, हात वर करा आणि किनाऱ्याला समांतर सरका. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. काठावरच्यांनी एकामागून एक उड्या टाकू नयेत. दोर, रिकामा बंद कॅन, गाडीतली स्टेपनी, जे तरंगेल ते फेका आणि कोळीवाड्याकडे धावा.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचंही तसंच. देवळामागून डोंगराला वळसा घालून पायऱ्या उतरलं की लाटांनी कोरून काढलेल्या कातळावरून चालत यायचं, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. ही प्रदक्षिणा ओहोटीतच करायची. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी पावणेनऊला पूर्ण ओहोटी. आठला उतरून साडेनऊच्या आत वर आलं पाहिजे. पावसाळ्यात मात्र ओहोटीतही नको. लांबवर उठलेल्या लाटा दहा शांत लाटांनंतर एखादी भलतीच मोठी पाठवतात आणि त्या कातळावर पळायला जागा नसते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही दरवर्षी कुणी ना कुणी हा हिशेब चुकतो आणि पुढच्या सुकतीपर्यंत किल्ल्यात बसतो. सेल्फी मात्र भरपूर होतात.

कुठलंच गणित करायचं नसेल तर बंदराकडे बघा. होड्या वर ओढून ठेवल्यात का, वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागलाय का. ज्याचं पोट समुद्रावर आहे तो उतरत नाही, तेव्हा आपण का उतरतो?

गाडी वाळूवर नेण्याबद्दल माझा अनुभव पुरेसा बोलका आहे. ओली वाळू टणक लागते, भरतीचं पहिलं पाणी चाकाखालून गेलं की ती खीर होते. रुतल्यावर रेस देऊ नका, प्रत्येक वेळी चाक बोटभर खाली जातं. टायरमधली निम्मी हवा सोडा, समोरची वाळू उकरा, चाकाखाली झावळ्या किंवा पायपुसणी घाला, सगळे खाली उतरून ढकला. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा, घासाघीस न करता. पाणी वाट बघत नाही. गाडीतून मीठ काढायला नंतर गॅरेजात जे पैसे गेले त्यात काकूंकडे चार मुक्काम झाले असते.

नकाशा दाखवतो म्हणून घाटात शिरणं

नकाशाला जवळचा रस्ता कळतो, त्यावरची दरड कळत नाही. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, ताम्हिणीतही दरड आली की वाहतूक थांबते. निघण्याआधी मुक्कामाच्या मालकांना फोन करा. ‘रस्ता चालू आहे का?’ हे त्यांना सकाळीच दूधवाल्याकडून कळलेलं असतं.

दरडीचं वैशिष्ट्य असं की ती पाऊस थांबल्यावरही येते. माती पाण्याने फुगलेली असते, ऊन पडलं म्हणून ती लगेच सुकत नाही. चार दिवस झोडपून पाचव्या दिवशी उघडीप झाली की सगळं पुणे घाटात, आणि नेमक्या कापलेल्या डोंगराखाली गाड्या लावून कणीस खायला. ते कणीस शंभर मीटर पुढे, उघड्या जागी खा. रस्त्यावर बारीक खडे पडलेले दिसले, कड्यातून एकाएकी गढूळ पाणी झिरपताना दिसलं, झाडं किंवा विजेचे खांब कललेले दिसले, तर तिथे थांबून फोटो काढायचा नाही.

अंधारात घाट नको. रजा वाचवायला रात्री निघणं ही आपली राष्ट्रीय सवय, पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा मागून येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे दिसलंच नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर समोरून ट्रक आला म्हणून आपली छोटी गाडी घालू नका. ट्रक जड असतो, आपली तरंगते.

मे आणि ऑक्टोबर म्हणजे कोरडे महिने, हा समज

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि मेच्या सुट्टीचे बेत पाण्यात गेले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवल्या. नोव्हेंबर २००९ मधलं फयान तर दिवाळी होऊन गेल्यावर आलं. या दोन्ही टोकांना खरा धोका विजेचा. वळवाचा ढग दुपारनंतर उभा राहतो आणि त्याची वीज पाऊस पोचण्याआधीच पडू शकते. लखलखाट आणि गडगडाट यांत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. दहा किलोमीटरच्या आत असेल तर बुरुज, माथा, लोखंडी शिड्या आणि कठडे सोडून खाली या, पाण्यात असाल तर बाहेर या. एकट्या झाडाखाली नको, बंद गाडी उत्तम. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

सामानाबद्दल फार सांगत नाही. जीन्स नको, ती भिजली की सुकत नाही आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. ओल्या जांभ्यावर झिजलेली चप्पल म्हणजे बर्फावर साबण. कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, गूळ-शेंगदाणे जवळ ठेवा.

आगाऊ पैसे भरलेत म्हणून जाणं

घाटात रात्र काढली ती याच कारणाने. ऑरेंज अलर्ट होता, फोनवर ‘या, पण जपून’ असं उत्तर मिळालं होतं, आणि तीन हजार बुडतील म्हणून आम्ही निघालो. पुढे दरड, मागे दरड, मधे आम्ही आणि एक दूधाचा टेम्पो.

आता खोली ठरवतानाच विचारतो, रेड किंवा ऑरेंज आला तर तारीख पुढे ढकलता येईल ना? घरगुती मुक्कामवाले बहुतेक हो म्हणतात, वीज गेलेल्या घरात दहा पाहुणे सांभाळणं त्यांनाही नको असतं. फेरीबोटीचंही आधीच विचारतो. हरिहरेश्वरहून बागमांडला-वेशवी बोटीने खाडी ओलांडून पलीकडे केळशीला जायचं असेल तर वारा वाढला की बोट थांबते आणि मग खाडीला मोठा वळसा पडतो, तेवढा दिवस हातात ठेवावा लागतो. जंजिऱ्याची बोट तर पावसाळ्यात बंदच असते. तरी जुलैत तिकीट खिडकी शोधणारे लोक मी पाहिलेत.

गेल्या जुलैतलं आमचं बुकिंग काकूंनी असंच डिसेंबरवर टाकून दिलं. गेलो तेव्हा वालाच्या शेंगा भरल्या होत्या, वाडीत मडकं उपडं घालून शेंगा भाजायची पोपटी लावलेली होती, आणि तिथी अष्टमी होती.