त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरउतारावर देशी झाडं कशी लावावीत

खड्डे खणण्याआधी उतार नीट फिरून पाहा. ऐन, धावडा, हेद यांचे जुने बुंधे जिवंत असतील तर तिथे नवं रोप नकोच. बुंध्यावरचे दोन जोमदार धुमारे राखा, बाकीचे कापा. मुळं आधीच खोल गेलेली असल्याने ते रोपांपेक्षा लवकर वाढतात. कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, मात्र झाडं लावू नका. गवत आणि पावसाळी फुलं हीच तिथली संपत्ती.

जमीन वनखात्याची असेल तर परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. चराई कुठे बंद, गुरांची वाट कुठून, हे ठरावात लिहा. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं तयार करायची जमीन भाजण्यासाठी, लोक ऐनाच्या फांद्या तोडतात. त्यासाठी वेगळी झाडं राखली नाहीत तर नवी लागवड तुटणारच, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

बी जवळच्याच रानातून, अनेक झाडांखालून गोळा करा. जांभळाचं बी वाळलं की मरतं, म्हणून आठवड्याभरात पेरा. हिरडा-बेहड्याचा गर काढून बी भिजवा. पिशवीत वर्षभर वाढलेलं, दोन फुटांचं रोप चांगलं. तळाशी गुंडाळलेली मुळं छाटा, नाहीतर पुढे झाड वाऱ्याने उन्मळतं.

दीड फुटाचे खड्डे मे महिन्यात खणा, माती उताराच्या खालच्या अंगाला टाका. दोन-तीन दमदार पाऊस झाले की पिशवी फाडून रोप लावा. तीन वर्षं भोवतालचं गवत काढा. जानेवारीतच तीन मीटर रुंद जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढा. फेब्रुवारीनंतर वणव्याला एवढंसं निमित्त पुरतं.