तागावरचा ठिपकेदार पतंग ओळखताना या चुका टाळा

ताग किंवा खुळखुळ्याच्या झुडपांतून चालताना पायाजवळून पांढुरकं काहीतरी फडफडत उठतं आणि चार हातांवर जाऊन पुन्हा बसतं. पांढऱ्या पंखांवर काळे-तांबडे ठिपके. हा युटेथेईसा, टायगर मॉथ या पतंगांच्या गटातला एक जीनस (जवळच्या जातींचा गट). दिसायला देखणा, त्यामुळे फोटो खूप निघतात आणि चुकीची नावंही तेवढीच लागतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फोटो पाहून थेट 'युटेथेईसा पल्चेला' लिहून मोकळं होणं. भारतात तिच्याबरोबर 'युटेथेईसा लोट्रिक्स'ही आढळते आणि वरून दोघी जवळपास सारख्याच. ठिपके मोजत बसू नका, ते एकाच जातीतही कमी-जास्त होतात. खात्री हवी तर नराच्या जननेंद्रियांचं विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. तशी सोय नसेल तर नोंद 'युटेथेईसा'वरच थांबवा. अर्धवट नाव लिहायला जीवावर येतं, पण फोटोवरून ओळख सांगणाऱ्या अॅपने सुचवलं म्हणून जाती ठरत नाही.

कधी कधी 'ऑर्नाट्रिक्स' असंही नाव लागलेलं दिसतं. ती अमेरिका खंडातली, मागचे पंख बहुधा गुलाबी. आपल्याकडच्यांचे मागचे पंख पांढरे, कडेला काळा वेडावाकडा पट्टा. पण बसलेला पतंग ते झाकून ठेवतो. उडताना किंवा पंख पसरलेला एखादा फोटो मिळवाच.

दिवसा उडतो म्हणून याला फुलपाखरू म्हणू नका. मिशा पाहा: दोऱ्यासारख्या, फुलपाखरासारखी टोकाला गाठ नाही. अळीपणी तागवर्गीय झाडांतून घेतलेलं विष अंगात असल्याने पक्षी सहसा याच्या वाटेला जात नाहीत.

आता वर्गीकरण. जुन्या पुस्तकांत, अगदी कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनच्या भारतातल्या पतंगांवरच्या 1894 च्या खंडातही, टायगर मॉथचं स्वतंत्र कुळ आहे: आर्क्टिइडी. 2011 च्या सुमारास डीएनएवर आधारित अभ्यासांनंतर त्याचं आर्क्टिइनी हे उपकुळ झालं आणि ते इरेबिडी कुळात गेलं. जुनी नोंद असेल तर कुळ बदला, जातीचं नाव तेच राहतं. पल्चेलापुढचं (लिनियस, 1758), म्हणजे जातीला नाव देणारा आणि वर्ष, मात्र कंसासकट लिहा. लिनियसने ती वेगळ्या जीनसमध्ये ठेवली होती, हे तो कंस सांगतो.

राहिली अळी. तागावरची प्रत्येक केसाळ अळी युटेथेईसाची नसते. नारिंगी पंखांच्या अर्जिना या दुसऱ्या पतंगाची अळीही तिथेच शेंगा पोखरते. शंका असेल तर त्याच झाडाचा पाला आणि शेंगा घालून अळी वाढवा आणि पतंग बाहेर येईपर्यंत नाव लिहू नका.