आधी उजेड, मग फोटो: खिशातल्या कॅमेऱ्याने ब्लॅक अँड व्हाइट

कॅमेरा कोणता घ्यावा यावर मी फार बोलणार नाही. खिशात मावणारा आणि मेनूमध्ये ब्लॅक अँड व्हाइट असलेला कोणताही चालेल, कपाटात पडून असलेला जुना असला तरी. अट एकच, तो खरोखर खिशात मावला पाहिजे. पिशवीतून काढावा लागणारा कॅमेरा बाहेर येईपर्यंत कवडसा सरकलेला असतो.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. कोणावर किती उजेड टाकायचा, कुठल्या बाजूने टाकायचा आणि काय अंधारात ठेवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे फोटोकडेही मी उजेडाच्या बाजूनेच येते. रंग काढून घेतले की फोटोत उजेड, सावली आणि आकार एवढंच उरतं. या तीन गोष्टी बघायची नजर एकदा बसली की घराच्या जिन्यातसुद्धा पाय थबकतात. मला या छंदातला सगळा आनंद त्या थबकण्यात मिळतो.

कॅमेरा एकदाच लावून ठेवा

रंगसंगती मोनोक्रोम, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, करा आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) व जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) अशा दोन्ही साठवा. मग पडद्यावर दृश्य करड्या छटांत दिसतं, पण रॉ फाइलमध्ये मूळ रंगांची माहिती शाबूत राहते. तिचा उपयोग पुढे सांगते. कॅमेऱ्यात रॉ नसेल तर नुसत्या जेपेगवरही छान काम होतं, फक्त उजेडाचं माप घेताना जास्त जपावं लागतं.

झूम असेल तर तो सगळ्यात रुंद टोकाला ठेवा आणि काही आठवडे त्याला हात लावू नका. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जा. एकच लेन्स राहिली की चौकटीत काय मावेल हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच कळायला लागतं.

फोकस शक्य असेल तर हाताने लावा. रिको जीआर ३ सारख्या मोठ्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती) छोट्या कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८ ठेवून फोकस साधारण दोन मीटरवर नेला, की सुमारे एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसचा विचार डोक्यातून काढून टाका. रिकोच्या जीआर मालिकेत अंतर आधीच ठरवून ठेवायची स्नॅप फोकस नावाची सोय आहे, ती याचसाठी. नखाएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत तर एफ २.८ किंवा एफ ४ वरही जवळपास सगळं स्पष्ट असतं; त्यांच्यावर एफ ८ लावलंत तर उलट चित्र थोडं मऊ पडतं. १९६६ साली आलेल्या रोलाय ३५ या फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यात अंतर मोजायची सोयच नव्हती. लोक अंदाजाने कडं फिरवायचे आणि सुंदर फोटो काढायचे.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० ठेवा. चालणारी माणसं टिपायची तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. आयएसओ वाढला की दाणे दिसतील, दिसू द्या. रंगीत फोटोत तेच दाणे लाल-हिरवे ठिपके होऊन डोळ्यांना टोचतात, करड्यात मात्र ते कागदाच्या पोतासारखे वाटतात. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी रिकोच्या छोट्या कॅमेऱ्यांनीच कितीतरी काम केलं. त्यांच्या फोटोंतले खरखरीत दाणे आणि शाईसारखा काळा बघितलात, की गुळगुळीतपणाचा आग्रह आपोआप सुटेल.

डोळे किलकिले करा

तालमीत दिवे लावून झाले की मी प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत जाते आणि डोळे अर्धवट मिटून रंगमंच बघते. चेहरे, कपडे, नेपथ्याचे तपशील विरघळतात आणि उजळ-गडद एवढेच भाग उरतात. तेव्हा नजर जिथे आधी जाते, तिथे प्रेक्षकाची नजर जाणार. रस्त्यावरही हेच करा. डोळे किलकिले केल्यावर दृश्यात दोन-तीन ठळक आकार उरत असतील तर फोटो आहे. सगळं एकसारखं करडं झालं तर पुढे चला, मग समोरची गोष्ट कितीही आवडती असो.

उजेड कुठून येतोय हे दर वेळी मनात म्हणायची सवय लावा: समोरून, बाजूने, मागून, वरून. तुमच्या पाठीमागून येऊन वस्तूवर सपाट पडणारा उजेड ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळ्यात निरस, कारण सावल्या वस्तूंच्या मागे लपतात. बाजूचा तिरपा उजेड भिंतीचा प्रत्येक खडबडीत कण उचलून दाखवतो. वस्तूच्या मागून येणारा उजेड माणसाची काळी आकृती करतो आणि केसांना चकाकती कड देतो. सकाळी आणि दिवस कलताना ऊन तिरपं असतं म्हणून ती वेळ चांगली, हे सगळे सांगतात. मला मात्र भर दुपारही आवडते. माथ्यावरच्या उन्हात पायऱ्या, कठडे, जाळ्या यांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. त्या वेळी चेहरे सोडा, सावल्या टिपा.

ढगाळ दिवशी सावली नसते, पण म्हणून कॅमेरा घरी ठेवू नका. तो मऊ उजेड चेहऱ्यांसाठी उत्तम. माणसाला खिडकीपाशी किंवा दाराच्या उंबऱ्याशी आणा, मागे अंधारी खोली राहू द्या.

एक सराव मी प्रत्येक नवख्याला देते. घरातली एक पांढरी वस्तू, कप किंवा अंडं, खिडकीजवळ ठेवा आणि दिवसभरात वेगवेगळ्या वेळी, त्याच जागेवरून तिचे फोटो काढा. संध्याकाळी एकापाठोपाठ एक बघा. वस्तू तीच राहते आणि फोटो दर वेळी निराळा होतो. प्रकाशयोजनेचे धडे मी मुलांना याच पद्धतीने देते.

काळं काळंच राहू द्या

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर काहीही आलं तरी ते मध्यम करडं करायला बघतं. पांढऱ्या भिंतीने चौकट भरली तर भिंत मळकट येते, काळ्या दारासमोर उभं राहिलात तर दार धुरकट राखाडी होतं. म्हणून फोटो उजळ किंवा गडद करणारं अधिक-उणे चिन्हाचं बटण हे या सगळ्या खेळातलं सगळ्यात महत्त्वाचं बटण. पांढरं जास्त असेल तर अधिक १, काळं जास्त असेल तर उणे १, इथून सुरुवात करा आणि पडद्यावर बघून ठरवा. अंधाऱ्या बोळात उन्हाचा एक पट्टा असेल आणि त्यातून कोणी जाणार असेल, तर उणे दीड-दोनपर्यंत जायला घाबरू नका. पट्ट्यातला चेहरा नीट आला म्हणजे झालं, बाकीचा बोळ काळोखात बुडू द्या. डिजिटल फाइलमध्ये पूर्ण पांढरा झालेला भाग पुन्हा मिळत नाही. सावलीतून मात्र बरंच काही नंतर वर काढता येतं.

तरी सगळं वर काढायचा मोह टाळा. मोबाइल सावल्या उजळून देतो आणि त्यामुळे हल्ली काळं बघायची आपली सवय मोडली आहे. रंगमंचावर मी एक कोपरा अंधारात ठेवते तेव्हा तिथे काय असेल हे प्रेक्षक स्वतः भरून काढतो. फोटो बघणाऱ्यालाही तेवढं काम द्या.

रंग करडे कसे होतात

लाल फूल आणि हिरवी पानं डोळ्यांना किती वेगळी दिसतात! दोघांची उजळता सारखी असेल तर करड्यात ती एकमेकांत मिसळून जातात. इथे फिल्टर लागतो. आम्ही दिव्यांसमोर रंगीत जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, लावतो तेव्हा हे रोज दिसतं: लाल उजेडात लाल साडी फिकी पडते आणि हिरवी जवळजवळ काळी होते. कॅमेऱ्याच्या मोनोक्रोम मेनूत पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे फिल्टर असतील तर ते तसंच वागतात. लाल लावला की निळं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. त्वचा उजळते, डाग पुसट होतात, पण ओठही फिके पडतात. हिरव्याने पानं थोडी उजळतात आणि चेहऱ्याला भार येतो. रोजच्यासाठी मी पिवळा ठेवते. पांढऱ्या ढगाळ आभाळावर यातल्या कशाचाही फारसा परिणाम होत नाही, कारण गडद व्हायला तिथे निळा रंगच नसतो.

मेनूत फिल्टर नसेल तर संगणकावर रॉ फाइल करड्यात बदलताना एकेका रंगाची पट्टी सरकवून हेच करता येतं. रॉ जपायला सांगितलं ते यासाठी. पट्ट्या हळूच सरकवा. निळी फार खाली ओढली की आकाशात दाणे आणि कडांना पांढऱ्या रेघा येतात.

माणसांचे फोटो काढताना नजर मिळाली तर हसा, कॅमेरा दाखवा. नको म्हणाले तर कॅमेरा खाली घ्या. दुःखात किंवा संकटात असलेल्या माणसावर मी कॅमेरा रोखत नाही आणि तुम्हीही रोखू नये असं मला मनापासून वाटतं.

काढलेले फोटो त्याच रात्री निवडू नका. आठवडाभर पडू द्या, मग छोट्या आकारात सगळे एकत्र पडद्यावर लावा. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या आकारातही जे ओळखू येतात ते बाजूला काढा आणि त्यातले थोडे १० बाय १५ सेंटीमीटरवर छापून घ्या. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. पडद्यापेक्षा छापील फोटो सहसा थोडा गडद दिसतो, म्हणून आधी एकच छापून बघा आणि गरज वाटली तर बाकीचे किंचित उजळून मग छापायला द्या.