गोव्यात एसयूव्हीचे टायर घेताय? ऑल-सीझन की विंटर ठरवताना या चुका टाळा

मे महिना लागला की गोव्यातल्या टायरच्या दुकानांसमोर एसयूव्ही ओळीने उभ्या राहू लागतात. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी, कौलं शाकारणं आणि गाडीचे टायर ही सगळी कामं मिरगाआधी उरकायची असतात. या गर्दीत हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो: वर्षभर चालणारे ऑल-सीझन टायर घालावेत की खास थंडी-बर्फासाठीचे विंटर?

कॅनडा, जर्मनी किंवा नॉर्वेत हा प्रश्न जिवाभावाचा आहे. तिथे रस्ता चार-पाच महिने गारठलेला असतो. आपल्याकडे पणजीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो, आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आपल्या टायरची परीक्षा पाणी आणि ऊन घेतात. टायर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

विंटर टायर म्हणजे जास्त ग्रिप, असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साधं रबर कडक होऊ लागतं आणि रस्ता धरत नाही. विंटर टायरमध्ये सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं राखलेलं असतं की ते थंडीतही लवचिक राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. त्या बर्फात रुततात, पकड घेतात.

हाच टायर मडगाव-काणकोण रस्त्यावर एप्रिलच्या दुपारी चालवला तर ते मऊ रबर तापून आणखी ढिलं पडतं. ठोकळे डांबरावर मुरडतात, स्टीअरिंग सैल वाटतं, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि टायर भराभर झिजतो. ‘निदान पावसात तरी चांगला चालेल’ हा समजही खरा नाही. आपला पाऊस कोमट असतो. २७-२८ अंशांच्या ओल्या रस्त्यावर विंटर टायरचं ब्रेकिंग चांगल्या साध्या टायरपेक्षा कमी पडतं. गोव्यात रोज चालणाऱ्या गाडीला विंटर टायर घालू नयेत. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

‘एम प्लस एस’ ही खूण पाहून निर्धास्त होणं

टायरच्या बाजूवर एम आणि एस ही अक्षरं दिसली की काहीजण तो पावसाळ्याचा टायर समजतात, तर काहीजण बर्फाचा. ही खूण चिखल आणि बर्फाची आहे, पण ती मुख्यतः नक्षीतल्या मोकळ्या जागेच्या मापावर मिळते. त्यासाठी बर्फावर चाचणी सक्तीची नाही आणि पावसाळ्याशी तिचा काही संबंध नाही. बर्फावर खरोखर तपासलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. काही ऑल-सीझन टायरांवरही ते असतं. गोव्यातल्या माणसाला हे चित्र शोधत बसायची गरज नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला मात्र आहे, त्याबद्दल पुढे.

दिसायला रांगडा म्हणून ए/टी घालणं

विंटर टायर बाद झाले की आपल्याकडे एसयूव्हीला खरी निवड उरते ती एच/टी, ए/टी आणि एम/टी यांच्यात. एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचा, ए/टी म्हणजे थोडा रस्ता थोडी कच्ची वाट, आणि एम/टी म्हणजे खोल चिखलाचा. ए/टी घातला की गाडी भारदस्त दिसते, हे मान्य. पण त्याचे मोठे ठोकळे डांबरावर कमी टेकतात, आवाज करतात, ॲव्हरेज खातात, आणि ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर बहुतेक ए/टी चांगल्या एच/टीच्या मागे राहतात.

म्हणून गाडी जास्तीत जास्त कुठे चालते, ते आधी प्रामाणिकपणे पाहा. म्हापसा-पणजी नोकरी, मुलांची शाळा, शनिवार-रविवारी सासुरवाडी असा वापर असेल तर एच/टीच घ्या. सत्तरीत किंवा नेत्रावळीकडे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, पावसाळ्यात जांभ्याच्या निसरड्या वाटेने आत जावं लागतं, तर ए/टीला अर्थ आहे. त्यातही डांबरावर शांत चालणारा, कमी आक्रमक नक्षीचा घ्या. एम/टी घरच्या गाडीला नको. ‘बीचवर वाळूत लागेल’ हे कारण तर मनातून काढूनच टाका, किनाऱ्यावर गाडी नेणं हा गोव्यात गुन्हा आहे.

एच/टी घेताना परिघाभोवती सलग फिरणाऱ्या तीन-चार रुंद खाचा आहेत का ते बघा. पाणी बाहेर फेकण्याचं मुख्य काम त्याच करतात. टायर आयात केलेला असेल आणि त्यावर युरोपचं लेबल असेल तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर वाचा: ए सर्वात चांगलं, ई सर्वात खालचं.

‘एवढा पावसाळा निघेल’ म्हणून जुने टायर ओढणं

कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण हा आकडा कायद्याची शेवटची रेघ आहे. धो धो पावसात ३ मिलिमीटरच्या खालीच टायरची पाणी ओढायची ताकद झपाट्याने घटते. नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ३ वर आलेला टायर पाण्याच्या दृष्टीने म्हातारा झालेला असतो, मग तो उन्हाळ्यात कितीही ठीक वाटो. मे महिन्यात ३ ते ४ मिलिमीटर उरले असतील तर मी पावसाआधीच बदलायला सांगेन.

साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना खाचांना पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही, तर टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्त्याचा स्पर्शच सुटतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर उड्डाणपुलांच्या उतारांवर, रुंदीकरण चालू असलेल्या टप्प्यांवर, झुआरी पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाणी साचलं असताना हे घडू शकतं. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनाचा आवाज चढतो. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता धरतो. गाडी जड आहे, फोर बाय फोर आहे, म्हणून हे होणार नाही असं मानू नका. फोर बाय फोर गाडी पुढे काढायला मदत करतं. थांबवताना तेच चार टायर कामाला येतात.

पहिल्या सरींबद्दल वेगळं सांगायला हवं. महिनोन्महिने साचलेलं तेल, धूळ आणि साखळी-डिचोलीकडे ट्रकांनी सांडलेली तांबडी माती पहिल्या पावसात एकत्र येऊन रस्त्यावर निसरडा थर बसतो. तेव्हा नवा टायरही घसरतो. चोर्ला आणि अनमोड घाटांत त्या आठवड्यात वेग कमी ठेवणं हाच उपाय.

पावसात हवा कमी ठेवणं

‘थोडी हवा काढ, ग्रिप येईल’ हा सल्ला कुठल्याही पंक्चरच्या दुकानात फुकट मिळतो. तो वाळूत रुतलेल्या गाडीसाठी आहे. पाण्यात तो उलटा पडतो: हवा कमी असलेला टायर कमी वेगालाच पाण्यावर चढतो, मधला भाग आत दबतो आणि खाचा मिटतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने दिलेला आकडा असतो, तोच ठेवा, आणि टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधी मोजा. गाडी भरून माणसं आणि डिकीत सामान असेल तर त्याच पट्टीवर जादा वजनाचा वेगळा आकडा दिलेला असतो. चवथीला गावी जाताना तो बघा.

दोनच नवे घेऊन पुढे बसवणं

चारही एकदम घेणं परवडत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण दोनच घ्यायचे तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर ते हाताला कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ओल्या वळणावर ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. कायम फोर बाय फोर असलेल्या गाडीला मात्र चारही टायर सारख्या झिजेचे लागतात, नाहीतर डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, ताण येतो. त्या गाडीत दोन-दोनचा हिशेब करू नका.

तारीख न वाचणं

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि साल. २४२५ म्हणजे २०२५ चा २४ वा आठवडा. गोव्यात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण मालक जहाजावर किंवा आखातात आणि गाडी अंगणात उन्हात उभी, अशी घरं पुष्कळ आहेत. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर उन्हाने वाळलेलं असतं, बाजूला बारीक भेगा असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्या, आणि दहा वर्षांचा टायर किती का छान दिसेना, काढून टाका.

मनालीला जायचं म्हणून विंटर टायर शोधणं

गोव्याहून मनाली दोन हजारांहून अधिक किलोमीटर आहे. विंटर टायर इथून घालून निघालात तर काही मोजक्या किलोमीटरच्या बर्फासाठी ते टायर अर्धा देश गरम डांबरावर घासाल. जून ते सप्टेंबरमध्ये लेहला जात असाल तर चांगल्या स्थितीतले एच/टी किंवा ए/टी पुरतात. तिथे खरा त्रास दगड, ओढे आणि बाजूला होणाऱ्या कापांचा असतो, म्हणून पूर्ण आकाराची स्टेपनी आणि पंक्चर किट जवळ ठेवा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या, घ्या. बर्फ पडल्यावर सोलंग आणि ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याकडे पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. चेन आपल्या टायरच्या मापाची हवी, कोणत्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तकात बघायचं, आणि निघण्याआधी घरच्या अंगणात एकदा लावून काढून बघायची. बर्फात वेग ताशी ३०-४० च्या वर नको, आणि मोकळं डांबर लागलं की चेन काढायचीच. बर्फावर कधीच गाडी चालवली नसेल तर मनालीतून पुढे तिथला ड्रायव्हर आणि तिथली टॅक्सी घ्या. पैसे वाया गेले असं कृपया समजू नका.

थंडीत हवा उतरते, साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज थोडा जास्त आकडा दाखवतो. हे दोन्ही एकमेकांना काही अंशी खोडतात, म्हणून गोव्यातला हिशेब तिथे लावू नका. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी मोजून मगच भरा किंवा सोडा.

आणि मुलगा किंवा मुलगी परदेशी असेल तर त्यांना इथला सल्ला देऊ नका. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगर-हिमकणाच्या खुणेचेच टायर चालतात, जुनी एम प्लस एस पुरत नाही.

लक्षणांवरून दोष ओळखा

टायर मधोमध झिजलाय तर हवा जास्त होती. दोन्ही कडा गेल्यात तर कमी. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडली आहे. नक्षी खड्डे पडल्यासारखी वरखाली झिजली असेल तर शॉक ॲब्सॉर्बर तपासा, नुसते टायर बदलून दोष जाणार नाही. ताशी ८० ते १०० ला स्टीअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग. खड्ड्यात किंवा रस्त्याच्या तुटक्या कडेवर आपटल्यावर बाजूला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात. त्याला दुरुस्ती नाही, तो टायर त्याच दिवशी काढा.

नवे घेताना माप कंपनीच्या यादीतलंच घ्या. २१५/६० आर १७ ९६ एच असं लिहिलेलं असेल तर ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. वजनाचा आकडा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी सात माणसं बसणाऱ्या गाडीला चालत नाही. बसवताना व्हॉल्व नवे घाला आणि टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर बसलाय का ते स्वतः बघा. ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. स्टेपनीतली हवाही त्याच दिवशी भरा, आणि ती कमी रुंदीची तात्पुरती असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर, घाईतही ओलांडू नका.