विम्याचा फॉर्म भरताना या चुका टाळा: खोटं लिहिणं वेगळं, दिशाभूल होणं वेगळं

"आम्ही काहीच खोटं लिहिलं नव्हतं." क्लेम नाकारल्याचं पत्र आलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कंपनीने खोटं बोलल्याचा आरोप केलेलाच नसतो. पत्रात लिहिलेलं असतं की महत्त्वाची माहिती दिली नाही, किंवा जी दिली तिच्यामुळे जोखमीचा अंदाज चुकला. घरचे भलत्याच आरोपाला उत्तर देत बसतात आणि दाद मागायची मुदत निघून जाते.

एखादं विधान चुकीचं असूनही त्यात फसवणूक नसू शकते. उलट, शब्दन् शब्द खरा ठेवून समोरच्याचा पक्का गैरसमज करून देता येतो. १९२८ साली ब्रिटनमधल्या रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीने कर्जरोखे विकण्यासाठी माहितीपत्रक काढलं. आधीच्या वर्षांत किती लाभांश वाटला याचे आकडे त्यात होते आणि ते अगदी बरोबर होते. त्या वर्षांत धंदा तोट्यात होता आणि लाभांश महायुद्धाच्या काळात साठलेल्या गंगाजळीतून वाटला होता, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड किल्सँट यांना १९३१ साली बारा महिन्यांची शिक्षा झाली. आकडा एकही खोटा नव्हता, तरी चित्र खोटं होतं.

विम्याचे फॉर्म भरताना आपल्याकडे नेमकं हेच होतं, फक्त त्यामागे कट नसतो. असतात त्या सवयी, घाई आणि एजंटवरचा विश्वास.

शब्दाला उत्तर दिलं, प्रश्नाला नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. "सध्या कोणतं औषध चालू आहे का?" बीपीची गोळी मागच्या महिन्यात डॉक्टरांनी थांबवली, म्हणून "नाही" लिहिलं. उत्तर खरं आहे. पण त्याच फॉर्मवर पुढे मागच्या काही वर्षांत रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचं निदान झालं होतं का, असाही प्रश्न असतो. हात एकदा "नाही"च्या चौकटीवर बसला की तो खालपर्यंत "नाही"च भरत जातो.

तंबाखूचा प्रश्न बघा. बाई सिगारेट ओढत नाहीत, म्हणून "नाही". पण रोज सकाळी मिश्री लावतात. घरात कुणालाच ती तंबाखू वाटत नाही, ते दात घासणं असतं. तपकिरीचं आणि अधूनमधून खाल्लेल्या माव्याचंही तसंच. फॉर्म मात्र कोणत्याही स्वरूपातल्या तंबाखूबद्दल विचारतो. पुढे तोंडाचा कर्करोग निघाला की हीच चौकट क्लेमच्या आड येते.

प्रश्न वाचताना एवढंच बघा: माझं उत्तर वाचून कंपनीच्या डॉक्टरच्या डोळ्यासमोर जो माणूस उभा राहील, तो मीच आहे का? नसेन तर "होय" लिहा आणि खाली दोन ओळींत सांगा. "२०२२ मध्ये बीपी निघालं, एक गोळी चालू होती, डॉक्टरांनी बंद केली, आता नॉर्मल." अशा उत्तरावर बहुतेक वेळा फार तर हप्ता थोडा वाढतो किंवा आणखी एक तपासणी सांगतात.

गप्प राहिलं म्हणजे सुटलो, ही समजूत

ही समजूत येते ती रोजच्या व्यवहारातून, आणि तिथे ती चुकीचीही नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १७ मध्ये नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही असं म्हटलंय आणि खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही, घेणाऱ्याने बघून घ्यावं. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच बापावर बोलायची जबाबदारी येते. आणि घेणारा म्हणाला, "तू नाकारलं नाहीस तर घोडा धड आहे असं मी धरतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणंच बोलणं ठरतं.

विमा या पहिल्या उदाहरणात बसत नाही. तुमच्या शरीराची हकिकत तुम्हाला ठाऊक, कंपनीला नाही. म्हणून विचारलेलं पूर्ण सांगायची जबाबदारी कायदा विमा काढणाऱ्यावर टाकतो. फॉर्म दिल्यापासून पॉलिसी मंजूर होईपर्यंत काही नवं निघालं, तर तेही कळवायचं असतं. मधल्या आठवड्यात छातीत दुखलं म्हणून ईसीजी काढला असेल, तर तो कळवायच्याच यादीत येतो.

"हे काही महत्त्वाचं नाही" हे आपणच ठरवणं

न सांगितलेली प्रत्येक गोष्ट क्लेम बुडवत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एलआयसीच्या एका पॉलिसीचं प्रकरण होतं. विमाधारक हृदयविकाराने गेले. कमरेच्या मणक्याचं दुखणं आणि सायटिका त्यांनी फॉर्मवर लिहिली नव्हती, म्हणून क्लेम नाकारला गेला होता. न्यायालयाने म्हटलं की हे दुखणं जिवावरचं नाही, मृत्यूशी त्याचा संबंध नाही, तेवढ्यावरून क्लेम नाकारता येणार नाही.

२०१९ च्या एका निकालात उलट झालं. माणसाने दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून ११ लाखांची पॉलिसी घेतली होती आणि नव्या फॉर्मवर ती लिहिली नाही. आजाराचा प्रश्नच नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू मान्य केली. कुणाच्या नावावर एकूण किती रकमेचा विमा आहे, हे जोखीम ठरवताना कंपनीला लागतंच.

आधीच्या पॉलिसी लिहायला लोक सहज विसरतात: पगाराच्या खात्याबरोबर आलेली, गृहकर्जाला जोडलेली, लग्नाआधी वडिलांनी काढून दिलेली. काय महत्त्वाचं ते आपण ठरवायचं नाही. विचारलंय ना, मग लिहायचं.

नक्की माहीत नाही, तरी ठामपणे लिहिणं

फॉर्मवर विचारतात, वडील कशाने गेले, कितव्या वर्षी. आईला नीट आठवत नाही, काका काही वेगळंच सांगतात, आणि आपण एक आकडा ठोकून देतो. करार कायद्याच्या कलम १८ मध्ये नेमकं हेच येतं: हाती तेवढा आधार नसताना एखादी गोष्ट ठामपणे सांगणं आणि ती खरी नसणं. सांगणाऱ्याचा स्वतःचा विश्वास असला तरी ते चुकीचं निवेदनच. "अंदाजे साठीत, बहुधा हृदयविकार, कागद उपलब्ध नाहीत" असं लिहायला कुणाची हरकत नसते.

एजंटने भरलेल्या फॉर्मवर नुसती सही

"साहेब, मी खुणा केल्यात तिथे तुम्ही सह्या करा, बाकी मी बघतो." हे आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शुगरचं सांगितलं तरी "ते लिहिलं तर मेडिकल लागेल, उगाच वेळ जाईल" म्हणून एजंट "नाही" करून टाकतो. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये असं स्पष्टीकरण आहे की विमा मिळवून देणारा माणूस करार घडण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी धरला जाईल. वारसांच्या हातात हा चांगला मुद्दा असतो. पण त्याच्या जोरावर डोळे मिटून सही करू नका. न वाचता सही केली, हा बचाव सहसा चालत नाही, असं २०१९ च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितलंय.

फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असेल, तर "मजकूर मला समजावून सांगितला, मला तो समजला" असं निवेदन त्यावर घेतात. ते खरोखर समजल्याशिवाय लिहून देऊ नका. पुढे वाद झाला तर तीच ओळ तुमच्याविरुद्ध वाचली जाते.

पॉलिसीबरोबर भरलेल्या फॉर्मची प्रतही मिळते. बहुतेक घरांत पाकीट न उघडता कपाटात जातं. उघडा आणि प्रत्येक चौकट वाचा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. मुदत टळून गेली असली तरी कळवाच. कंपनी हप्ता वाढवेल, क्वचित पॉलिसीच रद्द करेल. पण आज, तुम्ही हयात असताना, जे निस्तरता येतं ते उद्या बायकोमुलांना कागदांशिवाय निस्तरावं लागेल.

बंद पडलेली पॉलिसी सुरू करताना

हप्ते थकले, पॉलिसी लॅप्स झाली, दीड वर्षाने पैसे भरून सुरू केली. तेव्हा तब्येत चांगली असल्याचं निवेदन घेतात. लोकांना तो पावतीसारखाच एक कागद वाटतो. मधल्या काळात अँजिओप्लास्टी झाली असेल आणि तुम्ही "बदल नाही"वर सही केलीत, तर पहिला फॉर्म कितीही चोख असला तरी उपयोग नाही. शिवाय पॉलिसीवर प्रश्न उभा करायला कलम ४५ कंपनीला जी तीन वर्षं देतं (त्याबद्दल पुढे), ती पुन्हा त्या तारखेपासून मोजली जातात.

तीन वर्षांचा नियम अर्धाच ऐकणं

आयुर्विम्यात पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुन्हा चालू केल्याची किंवा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतल्याची तारीख, यांतली जी शेवटची तिच्यापासून तीन वर्षं झाली की कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उभा करता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने हे आलं. वयाचा पुरावा मात्र कधीही मागता येतो आणि त्यानुसार अटींत बदल होऊ शकतो. आरोग्य विम्याचा नियम वेगळा: २०२४ पासून सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर न सांगितल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून सुटत नाही. आयुर्विम्याचा नियम मेडिक्लेमला लावून निर्धास्त राहिलेली माणसं नंतर फार हळहळतात.

ॲडमिट करताना सांगितलेली हिस्ट्री

याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते, कारण इथे प्रामाणिक माणूस भरडला जातो. रात्री दोनला वडिलांना कॅज्युअल्टीत आणलंय. निवासी डॉक्टर घाईघाईत विचारतात, "शुगर आहे? किती वर्षं?" मुलगा पुण्यात नोकरीला, घरी सणावारी येणारा. तो म्हणतो, "असेल दहाएक वर्षं." केस पेपरवर लिहिलं जातं: मधुमेह, १० वर्षांपासून. प्रत्यक्षात निदान दोन वर्षांपूर्वीचं आणि मेडिक्लेमची पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. फॉर्मवरचं "नाही" त्या दिवशी पूर्ण खरं होतं, आणि तरीही कंपनी त्या एका ओळीवर बोट ठेवून माहिती दडवली म्हणते.

नक्की माहीत नसेल तर "माहीत नाही, आईला विचारून सांगतो" म्हणा, उपचार त्यामुळे अडत नाहीत. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डिस्चार्जच्या आत डॉक्टरांना निदानाचा पहिला रिपोर्ट दाखवा आणि तारीख-सहीसकट वेगळी दुरुस्तीची नोंद मागा. मूळ ओळीवर खाडाखोड करून घेऊ नका, ती बघणाऱ्याला बनावट वाटते. शुगरचा पहिला रिपोर्ट आणि पहिली चिठ्ठी वर्षानुवर्षं जपून ठेवावी ती याचसाठी.

नकाराचं पत्र आल्यावर

आधी पत्रातलं कारण नीट वाचा. तिथे "फसवणूक" लिहिलंय की "चुकीचं निवेदन" की "माहिती न देणं"? आयुर्विम्यात यावर बरंच अवलंबून असतं. तीन वर्षांच्या आत आणि केवळ चुकीच्या किंवा न दिलेल्या माहितीवरून पॉलिसी नाकारली, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. ती माहिती जोखमीशी थेट संबंधित होती आणि कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखवायचं असतं. फसवणुकीचा आरोप असेल तर हप्ते परत देण्याचं हे बंधन लागू होत नाही, आणि विमाधारक हयात नसेल तर आरोप खोडून काढायचा भार वारसांवर येतो. जेवढं ठाऊक होतं तेवढं खरं सांगितलं होतं, मुद्दाम दडवलं नाही, किंवा कंपनीला ते आधीच माहीत होतं, यांपैकी एक जरी दाखवता आलं तर फसवणुकीचा आरोप टिकत नाही. आरोपाची कारणं आणि त्यामागचे कागद कंपनीने लेखी कळवायचे असतात. ते आले नसतील तर पहिल्याच पत्रात मागा.

उत्तरात "आम्ही खोटं बोललो नाही" एवढंच लिहून थांबू नका. कोणता प्रश्न होता, काय उत्तर दिलं, तेव्हा काय माहीत होतं आणि त्याचा कागद कोणता, असं ओळीने लिहा. कंपनीच्या तक्रार विभागाकडून महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जावं लागतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तुमच्या विरोधात गेला, तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो, आणि तिथली मुदत दोन वर्षांची आहे.