डबलसीट चालवायची गाडी मागून खाली कशी उतरवावी

सिग्नलला थांबल्यावर फक्त चवडे टेकतात. त्यात मागे कुणी बसलेलं असलं की गाडी जरा कलली तरी सावरताना घाम फुटतो. उंच गाडी घेतलेल्या बेताच्या उंचीच्या लोकांची ही नेहमीची तक्रार. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ घ्या: सीटची उंची ८०० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी आणि मागच्या चाकाला वर-खाली व्हायला १८० मिमी जागा. गॅरेजवाल्याकडे उत्तर तयार असतं, "लिंक बदलून देतो, दोन इंच खाली येईल." लिंक म्हणजे मागच्या शॉकअपच्या जोडणीतल्या छोट्या पट्ट्या. गाडी खाली येतेही. एकट्याला ती छान चालते, पण दुसरा माणूस बसला की मोठ्या गतिरोधकावर टायर मडगार्डला आतून घासायची पाळी येते.

म्हणून गाडी किती उतरवायची हे आपल्या पायांवरून ठरवू नका, मागे बसणाऱ्याच्या वजनावरून ठरवा. चालवणाऱ्याचं वजन दोन्ही चाकांत वाटलं जातं. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच बसतो, त्यामुळे त्याचं बहुतेक सगळं वजन मागच्या शॉकअपवर जातं.

आधी सीट

शॉकअपला हात लावण्याआधी सीट बनवणाऱ्याकडे जा. पुढच्या बाजूचा फोम थोडा कमी करून मांड्यांजवळचा भाग निमुळता करून घ्या. रुंद सीटवर पाय फाकतात आणि फुकटची उंची वाढते, त्यामुळे उंचीइतकाच रुंदीचा फरक पडतो. मागच्या माणसाच्या गादीला मात्र कात्री लावू देऊ नका. एक पाय पूर्ण टेकत असेल आणि दुसऱ्याचा चवडा, तर तेवढं पुरे. निम्म्या लोकांचं काम इथेच संपायला हवं, असं माझं मत आहे.

मग मोजमाप

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी असू द्या. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, शेपटीच्या पॅनेलवर टेपचा तुकडा चिकटवा आणि अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, रायडिंगच्या कपड्यांत बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा. शेवटी नेहमी मागे बसणारं माणूस आणि नेहमीचं सामान घेऊन पुन्हा मोजा.

समजा आकडे ६००, ५४५ आणि ५१५ आले. म्हणजे एकट्याने गाडी ५५ मिमी बसते, दोघांनी ८५. एकूण चालीच्या, म्हणजे चाकाच्या वर-खाली होण्याच्या जागेच्या, साधारण एक तृतीयांश बसणं ठीक मानतात, म्हणजे १८० पैकी ६०च्या आसपास. दोघांना घेऊन ८५ बसत असेल तर ही गाडी मुळातच मऊ पडते आहे. ती आहे तशी खाली उतरवणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

इथे एक गैरसमज दूर करतो. स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच देऊन ठेवलेला दाब, सैल केला की गाडी खाली येते, आणि पुष्कळजण तेवढंच करून मोकळे होतात. प्रीलोडने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. सैल करून तुम्ही फक्त १८० मधले काही मिमी खड्डा यायच्या आधीच खर्च करून टाकता. डबलसीटवाल्याने हा मार्ग विसरावा.

लिंक की आखूड शॉकअप

सिंगल शॉकअपला लिंकेज असलेल्या गाडीत वेगळ्या लांबीच्या लिंक घालून मागची बाजू उतरवता येते. स्वस्त आणि सोपं. पण शॉकअपची चाल तितकीच राहते, फक्त चाकाची सगळी हालचाल वर सरकते. गाडी २५ मिमी उतरवली तर शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर टायर मडगार्डच्या साधारण २५ मिमी जवळ येतो. शिवाय तरफेचं गणित बदलून बहुतेक गाड्यांवर तीच स्प्रिंग आणखी मऊ भासते.

दुसरा मार्ग म्हणजे शॉकअपच्या आत स्पेसर घालून तो आखूड करून घेणं. यात चाक खाली लोंबण्याची चाल कापली जाते, पण पूर्ण दाबल्यावर चाक पूर्वी जिथे थांबायचं तिथेच थांबतं, म्हणून मडगार्डला धोका नाही. चाल कमी झाल्यामुळे जास्त कडक स्प्रिंग घ्यावीच लागते. ती दोघांचं वजन सांगून निवडायची. नेहमी डबलसीट चालवत असाल तर पैसे इथे घाला. हे काम सस्पेन्शनच्या जाणकाराकडूनच करून घ्या. अनेक शॉकअपमध्ये दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, घरी उघडायची वस्तू नव्हे ती.

दोन शॉकअपच्या गाडीला आखूड जोडी मिळते. विकत घेताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची, म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली, लांबी सगळे विचारतात. तुम्ही पूर्ण दाबल्यावरची लांबीही विचारा. ती जुन्यापेक्षा कमी असेल तर टायर जास्त वर जाणार.

लिंकच घ्यायच्या असतील तर २५ मिमीच्या पुढे जाऊ नका. लेथवर साध्या पट्टीला भोकं पाडून केलेल्या लिंक नकोतच, दोन माणसांचा भार त्या दोन पट्ट्यांवर असतो. चासी किंवा स्विंगआर्म, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतला चिमटा, कापून वेल्डिंग करणंही नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही. बोल्टने बसणारे, परत काढता येणारे भाग वापरा.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. चालकाची सीट दोन चाकांच्या मध्ये असते, त्यामुळे फक्त मागून २५ मिमी उतरवली तर तुमच्या सीटला साधारण १८ मिमीच मिळतात.

बसवताना

मधल्या स्टँडवर घेऊन चाकाखाली लाकडाचे ठोकळे सरकवा, इतके की लिंकच्या बोल्टवरचा ताण जाईल. बोल्ट हाताने निघाला म्हणजे उंची बरोबर. हातोडी घ्यावी लागली तर ठोकळे कमी-जास्त करा. बेअरिंग पुसून नवं ग्रीस भरा, लॉकनट नवीन घाला आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यानेच टॉर्क रेंचने आवळा.

मागची बाजू उतरली की पुढचा काटा, म्हणजे फोर्क, आडवा पडतो, स्टिअरिंग सुस्त होतं आणि मागे माणूस बसल्यावर ते जास्तच जाणवतं. म्हणून फोर्कचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवा, मागच्याइतके किंवा थोडे कमी. दोन्ही बाजू मोजून अगदी सारख्या ठेवा. फोर्क पूर्ण दाबल्यावर पुढचं चाक किंवा मडगार्ड वर कुठे अडत नाही ना आणि वर आलेले पाइप हँडलला लागत नाहीत ना, हे तपासा.

साइड स्टँड आता लांब पडेल. गाडी जवळजवळ उभी राहील आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने पलीकडे पडू शकेल. तो कापून आखूड करून घ्या, टोकाची पट्टी जमिनीला सपाट बसेल अशी. मधल्या स्टँडवर गाडी चढवणं जड जाईल, त्याला चाकाखाली फळी हाच उपाय. चेनचा सैलपणा पुन्हा लावा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा (ज्यावर चिमटा वर-खाली फिरतो) आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणली जाते, म्हणून त्या स्थितीतही थोडी सैल राहते का ते माणसं बसवून पाहा. हेडलाइटही दोघं बसलेले असतानाच खाली लावा. साडी गार्ड चिमट्याला किंवा चेनला टेकत नाही ना, हेही बघा.

दोन सेटिंग

पुन्हा तीच तीन मापं घ्या. एकट्याने आणि दोघांनी, दोन्ही वेळा चालीचा साधारण एक तृतीयांश भाग वापरला जाईल अशा प्रीलोडच्या दोन जागा शोधा आणि पेंटने खुणा करा. चाल कापलेली असेल तर नव्या चालीचा हिशेब धरा. प्रीलोड फिरवायचा हुक पाना सीटखाली ठेवा. दोघांना घेऊन प्रीलोड शेवटच्या टोकाला नेऊनही गाडी जास्त बसत असेल तर स्प्रिंगच बदलायला हवी.

चाचणी

मागच्या मडगार्डच्या आत, टायरच्या बरोबर वर, मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा जाडसर थर लावा आणि शॉकअपच्या दांड्यावर झिप टाय बांधा. दोघं बसून ओळखीच्या रस्त्यावर, गतिरोधक सावकाश आणि मग नेहमीच्या वेगाने घ्या. झिप टाय टोकाला गेला असेल तर शॉकअप पूर्ण बसतो आहे: प्रीलोड वाढवा किंवा स्प्रिंग कडक घ्या. क्लेवर टायरची खूण उमटली असेल तर मात्र प्रीलोडशी खेळत बसू नका. त्या दिवशी माणूस मागे न बसवता परत या आणि जुन्या लिंक घाला. वळणावर फूटरेस्ट किंवा मधला स्टँड लवकर घासतो का हेही याच फेरीत कळेल, आणि ते हळू वेगातच शोधा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर लिंक आणि फोर्क क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.